सोडलेला चेंडू

चेन्नई शहरातील मांबलम रेल्वे स्थानकावर उतरले की रुळांच्या दोन बाजूंना दोन निराळी जगे दिसतात. पूर्वेकडे त्यागरायनगरची बाजारपेठ, कापडाची आणि दागिन्यांची दुकाने, पाय ठेवायलाही जागा नसावी अशी गर्दी. पश्चिमेकडे वेस्ट मांबलम ही मध्यमवर्गीयांची जुनी वस्ती, दाटीने उभी असलेली घरे आणि त्यांच्यामधून जाणारे अरुंद रस्ते. या वस्तीतील रामकृष्णपुरमच्या एका गल्लीत १९९०च्या दशकात एक मुलगा टेनिसच्या चेंडूने क्रिकेट खेळत असे. त्याचे नाव रविचंद्रन अश्विन.

गल्ली कोणत्याही गावची असो, आपल्या खेळाचे नियम ती स्वतः ठरविते. चेंडू कोणाच्या घरात गेला तर फलंदाज बाद. एक टप्पा पडल्यावर एका हाताने झेल घेतला तरीही बाद. खिडकीची काच फुटली तर त्या दिवसाचा खेळच संपला! मोकळ्या मैदानावर ज्या फटक्याचे कौतुक होईल, तोच फटका येथे अंगाशी येतो. म्हणून गल्लीत खेळणारी मुले मारायला जितकी शिकतात, तितकीच हात आवरायलाही शिकतात.

हा खेळ मराठी माणसाला परका नाही. चेंडू आणि फळी यांच्या खेळासाठी मराठीत ‘चेंडूफळी’ हा जुना शब्द आहे. त्याहूनही अधिक जिव्हाळ्याचा खेळ म्हणजे विटी-दांडू. तमिळनाडूत हाच खेळ ‘किट्टिपुळ’ या नावाने खेळला जातो. विटी किती दूर गेली हे दांड्याने मोजताना आपल्याकडची मुले ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ असे म्हणत. हे शब्द ऐकायला निरर्थक वाटतात. परंतु तेलुगूतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु हे अंक शेजारी ठेवले की त्यांचे कूळ ध्यानात येते. तमिळमधील मूण्ड्रु आणि नालु हेही त्यांचेच नातलग. मोठ्यांनी भाषांच्या सीमा आखल्या. मुलांनी मात्र खेळता खेळता त्या कधीच ओलांडल्या होत्या.

या सर्व खेळांची मागणी एकच असते. नजर चेंडूवर हवी, हात नजरेच्या आज्ञेत हवा आणि पाय वेळेवर हलायला हवेत. ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू फलंदाजापर्यंत पोहोचायला अर्धा सेकंदही लागत नाही. तेवढ्यात त्याची दिशा, टप्पा आणि उसळी ओळखून निर्णय घ्यावा लागतो. झेल घेणाऱ्याला चेंडू कोठे पडेल याचा अंदाज बांधून आधीच धावावे लागते. मात्र या सर्व कौशल्यांच्या वर एक कौशल्य आहे, ते म्हणजे कोणता चेंडू मारायचा आणि कोणता सोडायचा हे ओळखण्याचे. बेसबॉलच्या खेळात तर याचे बक्षीसच मिळते. चार वाईट चेंडूंचा मोह टाळणाऱ्या फलंदाजाला काहीही न मारता पहिला तळ दिला जातो.

सोडण्याचा हा धडा अश्विनला लहान वयातच, आणि तोही कठोरपणे शिकावा लागला. शाळेत असताना तो सलामीला फलंदाजी करी आणि मध्यमगती गोलंदाजी टाकी. चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्याच्या कमरेखालच्या भागाला गंभीर दुखापत झाली. काही महिने खेळ बंद पडला. खेळासाठी जगणाऱ्या मुलाला अंथरुणावर पडून राहणे किती जड गेले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. तो परत आला तेव्हा त्याची सलामीची जागा दुसऱ्याकडे गेली होती. वेगाने धावत येऊन चेंडू टाकणेही कठीण झाले होते. तेव्हा फिरकी टाकून पाहा, असे त्याच्या आईने सुचविले. जे हातून गेले होते त्याच्यामागे धावत न राहता त्या मुलाने नव्याने सुरुवात केली.

या नव्या वाटेवर जुनी गल्ली उपयोगी पडली. तेथे मुले टेनिसचा चेंडू मधल्या बोटाने अशी काही टिचकी देऊन टाकीत की तो कोणत्या बाजूला वळेल हे फलंदाजाला कळत नसे. चुटकीला तमिळमध्ये ‘सोडक्कु’ म्हणतात. त्यावरून या चेंडूलाही तेच नाव पडले होते. कॅरमच्या सोंगटीला टिचकी मारावी तसा हा चेंडू सुटतो, म्हणून क्रिकेटजगत त्याला ‘कॅरम बॉल’ म्हणते. गल्लीत पाहिलेली ही विद्या अश्विन यांनी पुढे जगातील नामवंत फलंदाजांपुढे वापरली. अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या या खेळाडूने नोव्हेंबर २०११ मध्ये दिल्ली येथे पहिला कसोटी सामना खेळला आणि वेस्ट इंडीजचे नऊ गडी बाद केले.

२३ ऑक्टोबर २०२२ रोजी मेलबर्न येथे विश्वचषक स्पर्धेत भारत आणि पाकिस्तान यांच्यातील ट्वेंटी-२० सामना अखेरच्या चेंडूपर्यंत ताणला गेला. एक चेंडू शिल्लक होता आणि विजयासाठी दोन धावा हव्या होत्या. अश्विन नुकतेच फलंदाजीस आले होते. स्टेडियम प्रेक्षकांनी खचाखच भरलेले, आणि त्या सर्वांची अपेक्षा एकच: फटका! मोहम्मद नवाझचा चेंडू पायांच्या बाजूला गेला. अश्विन हलले नाहीत. त्यांनी तो सोडून दिला. पंचांनी वाइड दिला आणि धावसंख्या बरोबरीत आली. पुढचा चेंडू त्यांनी शांतपणे क्षेत्ररक्षकाच्या डोक्यावरून टोलावला आणि भारत जिंकला. टाळ्या टोलावलेल्या चेंडूला मिळाल्या. सामना मात्र सोडलेल्या चेंडूने हाती ठेवला होता.

याहून अवघड क्षण १६ फेब्रुवारी २०२४ रोजी राजकोट येथे आला. इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत त्यांनी झॅक क्रॉलीला बाद करून आपला पाचशेवा बळी मिळविला. कसोटीत पाचशे बळी घेणारे ते दुसरे भारतीय. त्यांच्यापूर्वी हा मान केवळ अनिल कुंबळे यांना मिळाला होता. आयुष्यभराच्या श्रमांचे फळ हाती आले आणि त्याच रात्री आई अत्यवस्थ असल्याचे कळले. सामना अर्ध्यावर होता, तरीही ते चेन्नईला निघाले. ज्या आईने मोडलेल्या वाटेशी नवी वाट दाखविली होती, तिच्या उशाशी बसण्यासाठी त्यांनी सामना सोडला. चौथ्या दिवशी परत येऊन त्यांनी पुन्हा चेंडू हाती घेतला.

१०६ कसोटी सामने आणि ५३७ बळी नावावर असताना १८ डिसेंबर २०२४ रोजी ब्रिस्बेन येथे त्यांनी आंतरराष्ट्रीय क्रिकेटचा निरोप घेतला. मालिका अजून संपायची होती. पण थांबायचे केव्हा, हे त्यांनी स्वतःच ठरविले.

काय धरावे आणि काय सोडावे, हा प्रश्न मैदानाबाहेरही रोज पुढे येतो. कोणाची शाळा सुटते, कोणाचे काम सुटते. सुटलेल्या गोष्टीची खंत मनात राहते. परंतु सुटलेला चेंडू हा खेळाचा शेवट नसतो. गोलंदाज पुन्हा आपल्या जागी जातो, वळतो आणि धावू लागतो. फलंदाजाने तेवढ्या अवधीत पाय रोवून उभे राहायचे असते.