डाव्या हाताला काम

तर मंडळी, आज शनिवार. ऑफिसचा लॅपटॉप बंद आहे आणि आज कोडबद्दल एक शब्दही लिहिणार नाही!

माझं बालपण अरुणावतीकाठच्या आर्णीतलं. घरात बाबांची पेटी आणि दर गुरुवारी भजन. पेटी शिकलेल्या माणसाचा डावा हात जन्मभर एकच काम करतो, भाता हलवायचं. सूर सगळे उजव्याकडे. संगीत नाटकवाल्यांच्या पायपेटीत भाता पायांकडे गेला, म्हणून त्यांचे दोन्ही हात मोकळे. आमच्याकडे ती चैन कुठली!

दोन वर्षांपूर्वी डिजिटल पियानो घेतला आणि डावा हात एकदम बेकार झाला. मग त्याला काम शोधलं. आधी नुसता सा-प धरून ठेवला, तानपुऱ्यासारखा. मग तेच सूर सुटे करून केरव्याच्या आठ मात्रांत बसवले: सा-प-सां-प, सा-प-सां-प. दादऱ्याला सा-प-प, सा-प-प. पहिला सूर खाली ठाम, पुढचे दोन हलके. शिवाय सा-प-ग-प, ज्याला अठराव्या शतकातल्या डोमेनिको अल्बर्टीचं नाव आहे. मी जाम खूश.

दिवाळीत पियानो गाडीत टाकून आर्णीला नेला. बाबांनी मालकंसातलं भजन सुरू केलं, मी माझा घोटलेला सा-प सुरू केला. दुसऱ्याच ओळीला बाबा थांबले.

"मालकंसात पंचम कुठून आणून राहिला रे?"

मालकंसात पंचम वर्ज्य, हे मला शाळेपासून माहीत! उजवा हात कधीच चुकला नसता. डाव्याला मी फक्त साचा शिकवला होता, राग शिकवलाच नव्हता. कॉपी-पेस्ट केलेल्या कोडचं असंच होतं. (लिहिणार नाही म्हटलं होतं ना? असो.)

पंचमाच्या जागी मध्यम घेतला: सा-म-सां-म. बाबा पुन्हा गाऊ लागले. हल्ली त्यांचा दम पुरत नाही, ओळीच्या मध्येच थांबतात. पेटीवर असतो तर भाता आपोआप हळू झाला असता. इथे भाताच नाही, बोटांचाच भार कमी करायचा. मी साचा सोडला, खालचा एक सा हलकेच दाबून ठेवला आणि त्यांचा श्वास होईपर्यंत थांबलो. मग त्यांच्याबरोबर पुन्हा निघालो.

भजन संपल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "आता बरं वाजवून राहिला."

पुढच्या गुरुवारसाठी भैरवी घोटतोय. दोन्ही हातांनी, बरं का!