तुझा गुडघा आणि स्टीनचा घोटा

प्रिय भाचेबुवा,

गुडघा गेला म्हणून खेळ सुटला, आता तालमीने पोरांना शिकवायला सांगितलंय, तर ‘मी कुठे मोठा खेळाडू होतो’ हे तुझं रडगाणं! जॉक स्टीन तरी कुठे होता?

स्कॉटलंडमधल्या लॅनार्कशरचा हा गडी कोळशाच्या खाणीत राबायचा आणि शनिवारी अल्बियन रोव्हर्सकडून फुटबॉल खेळायचा. खाण सुटली ती सत्ताविशीत, आणि गेला कुठे, तर वेल्समधल्या, मुख्य लीगबाहेरच्या एका क्लबात. १९५१मध्ये ग्लासगोच्या सेल्टिक क्लबाने त्याला परत आणलं, तेही राखीव संघातल्या पोरांना आधार म्हणून. वरचे बचावपटू जायबंदी झाले, हा आत शिरला, कर्णधार झाला आणि १९५४मध्ये लीग व स्कॉटिश कप दोन्ही घेऊन बसला. मग घोट्याने घात केला.

पुढे डनफर्मलिनचा मॅनेजर म्हणून त्याने १९६१च्या कप फायनलमध्ये हरवलं कोणाला? सेल्टिकलाच! १९६५मध्ये त्याच सेल्टिकने त्याला मॅनेजर केलं. तोवरचे तिथले सगळे मॅनेजर कॅथलिक, हा प्रोटेस्टंट. ग्लासगोत ही साधी बाब नव्हे. मग सलग नऊ लीग. १९६७मध्ये लिस्बनला इंटर मिलानवर २-१ अशी मात करून युरोपियन कप, ब्रिटनमधल्या क्लबाचा पहिलाच. आणि अकराही जण ग्लासगोच्या तीस मैलांच्या आतले.

पण मला आवडतो तो जिमी जॉन्स्टनचा किस्सा. उजव्या बगलेवरचा हा बुटका जादूगार विमानाला जाम घाबरायचा. नोव्हेंबर १९६८, रेड स्टार बेलग्रेडशी घरच्या मैदानावर सामना, मध्यंतराला १-१. स्टीनने त्याच्याशी सौदा केला: चार गोलांची आघाडी मिळाली, तर परतीच्या सामन्याला तू यायचं नाहीस. पठ्ठ्याने उत्तरार्धात दोन गोल स्वतः मारले आणि सामना ५-१ झाला! बेलग्रेडला १-१ बरोबरी झाली, तेव्हा जॉन्स्टन घरी होता. स्टीन एरवी भलता कडक, पण दिलेला शब्द त्याने पाळला. भीतीवरून त्याला डाफरणारे मॅनेजर पुष्कळ भेटले असते; त्या भीतीतून गोल काढणारा हाच.

तुझ्या संघातला तो डावखुरा पोरगा आठवड्यातून दोनदाच सरावाला येतो म्हणून तू वैतागलायस. बाकीचे दिवस तो कुठे असतो, त्याच्या घरी जाऊन विचारलंस का? कळव. ताईला नमस्कार.

तुझा,
मामा