डिस्चार्जनंतरचे सहा आठवडे

धाप लागून आलेल्या रुग्णाला मी आधी उशांबद्दल विचारतो. "काका, रात्री किती उशा लागतात?" दोन-तीन म्हणाले, की माझी नजर मानेकडे जाते. हृदयाला रक्त पुढे ढकलणं झेपेनासं झालं, की ते मागे तुंबतं. मानेची शीर फुगते, आडवं होताच दम लागतो, नडगीवर अंगठा दाबून काढला तरी खळगा तसाच राहतो. हे हार्ट फेल्युअर. हृदय बंद पडलेलं नसतं, कमकुवत झालेलं असतं. इकोमध्ये निरोगी माणसाचं पंपिंग साधारण 55 टक्क्यांच्या वर असतं. या रुग्णांत ते 40, 30, कधी 20 वर आलेलं असतं. (काहींचं पंपिंग ठीक असतं, पण हृदय ताठर होतं. तो प्रकार इथे बाजूला ठेवतो.)

रुग्णालयातलं काम त्या मानाने सोपं. शिरेतून फ्रुसेमाइड दिलं, की लघवी सुटते. सकाळी चहाच्या आधी सिस्टर वजन घेतात, लघवी मोजली जाते, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पाहिलं जातं. काही दिवसांत सूज उतरते, काका सपाट झोपतात आणि घरच्यांना वाटतं, सुटलो. पण उतरलेलं असतं ते पाणी. हृदय तेच असतं. तिरुवनंतपुरमच्या रुग्णालयांनी 2013 मध्ये दाखल झालेल्या 1205 रुग्णांची नोंद ठेवली. सरासरी वय 61. तीन वर्षांत त्यांतले जवळपास 45 टक्के दगावले.

हे चित्र बदलू शकणारी चार प्रकारची औषधं आज हाताशी आहेत: सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन, बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन आणि मूळची मधुमेहाची डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी. यांतल्या बीटा ब्लॉकरबद्दल मला विशेष आदर आहे. हृदयाचा जोर कमी करणारं औषध थकलेल्या हृदयाला देणं एके काळी वर्ज्य होतं. स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये फिन वागस्टाइन आणि सहकाऱ्यांनी ते मोजक्या रुग्णांना देऊन 1975 मध्ये सुधारणा दाखवली. मोठ्या चाचण्यांनी शिक्कामोर्तब व्हायला 1999 उजाडलं. किमतीचा अडसरही कमी झाला आहे. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात 2020 मध्ये संपलं, सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टनचं 2023 मध्ये.

मग अडतं कुठे? डोसवर. रुग्ण सुरुवातीच्या छोट्या डोसवर घरी जातो आणि महिनोन् महिने त्याच डोसवर राहतो. वरचा रक्तदाब 100 दिसला, की डॉक्टरांचाही हात आखडतो. 2022 साली स्ट्राँग-एचएफ या चाचणीत डिस्चार्जनंतर दोन आठवड्यांत डोस पूर्ण मात्रेवर नेले आणि सहा आठवडे रुग्णांना वारंवार बोलावून तपासलं. सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा भरतीचं प्रमाण 23 टक्क्यांवरून 15 वर आलं. नवं औषध एकही नव्हतं. होती ती फक्त पाठपुराव्याची शिस्त. म्हणून माझं ठाम मत आहे, की डिस्चार्ज कार्डावर आठवड्याच्या आतल्या तपासणीची तारीख नसेल, तर ते कार्ड अपुरं आहे.

बाकी लढाई घरात चालते. भेटायला येणारे प्रेमाने शहाळं आणतात. स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्याचं पोटॅशियम त्याने धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं. 'कमी सोडियमचं' मीठही तसंच, त्यात पोटॅशियमच असतं. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅकची गोळी अंगात पाणी साठवते. आणि बरं वाटतंय म्हणून गोळ्या बंद करणं तर सगळ्यात वाईट. ज्यांचं पंपिंग औषधांनी पूर्ववत झालं होतं, अशांची औषधं देखरेखीखाली थांबवून पाहिली, तेव्हा सहा महिन्यांत दहापैकी चार जणांचा आजार उलटला.

दिवाळीत चकली, शेव, चिवडा ताटात येणारच. घरात असा रुग्ण असेल, तर चवीपुरता घास द्या, पण वाटी भरून नको. दिवसाचं एकूण मीठ चमचाभराच्या आतच हवं. यंदाच्या खरेदीत वजनकाटा घ्या. रोज सकाळी लघवीनंतर, काही खाण्याआधी वजन करून कॅलेंडरवर लिहा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर सण संपायची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.