हलकं लाकूड

स्कॅन केलेल्या जुन्या सूचनापत्रकाच्या कडेला कुणा मुलानं पेन्सिलीनं बरोबरच्या खुणा केल्या आहेत. एक पायरी झाली की एक खूण. पंख चिकटवायच्या पायरीपाशी त्या थांबतात. पुढे काय झालं? जेवायची हाक आली, गोंद संपला, की पंख वाकडा बसला? हे पत्रक ज्याचं, तो छंदाची छोटी रॉकेटं बनवणाऱ्या एस्टेस कंपनीचा रॉकेट-ग्लायडर बाजारातून जाऊन एक जमाना झाला. त्याचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. नाव निघालं की लोक सीलबंद डब्याला आज काय भाव येतो ते सांगायला लागतात, आणि डबा न उघडता जपून ठेवणाऱ्यांबद्दल माझं मत फारसं बरं नाही.

वडील त्या काळी कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला पीएच.डी. करत होते, म्हणून माझ्या लहानपणाची थोडी वर्षं तिकडे गेली. एस्टेसचं गाव, पेनरोझ, त्याच राज्यात दक्षिणेला. व्हर्न एस्टेस फटाक्यांच्या धंद्यातल्या घरचा. रॉकेटच्या मोटरी भरणारं यंत्र त्यानं स्वतः बनवलं आणि त्याला 'मेबल' असं बाईचं नाव दिलं. मेबल दर साडेपाच सेकंदांना एक मोटर बाहेर टाकायची: कागदाची जाड नळी, तळाशी मातीचं तोंड, आत ठासलेली बंदुकीची दारू. आमची आई ती पाकिटं स्वयंपाकघरात येऊ देत नसे. नळीवर बी४-२ असं काही छापलेलं असायचं. बी म्हणजे एकूण दमाची इयत्ता, चार म्हणजे सरासरी चार न्यूटन जोर, आणि दोन म्हणजे जळून संपल्यावर दोन सेकंद थांबून उलट्या बाजूनं होणारा छोटा स्फोट. अपूर्णांकांचा मला कंटाळा होता, पण हे मात्र एका दिवसात पाठ झालं.

मुळात रॉकेट-ग्लायडर हा प्रकारच अडेलतट्टू. रॉकेटला सरळ वर जायचं असतं, त्यासाठी वजन पुढे हवं. ग्लायडरला तरंगायचं असतं, त्यासाठी नाक किंचित वर उचलणारी शेपटी हवी. ती शेपटी रॉकेटच्या वेगात तशीच ठेवली तर गडी आकाशात कोलांटी मारून जमिनीत शिरतो. एस्टेसच्या १९६१ च्या 'स्पेस प्लेन' ग्लायडरनं यावर तोड काढली. वर गेल्यावर रिकामी मोटर मागून निसटून पडायची आणि तिच्यामुळे दबून राहिलेल्या पट्ट्या वर उचलल्या जायच्या. पुढे मोटरीची नळी नाकावरच्या एका सुट्या डोलीत बसवायची पद्धत आली. स्फोट झाला की डोली सुटते, कागदी फीत फडफडवत वेगळी खाली येते, नाकावरचं ओझं उतरतं आणि उरलेलं पाखरू स्वतःच्या तोलावर घिरट्या घालतं. कधी फीत पंखाला अडकते आणि दोघं गरगरत एकत्रच खाली येतात. तिकडच्या शौकिनांनी त्याला 'रेड बॅरन' म्हणायचं ठरवलं आहे. पहिल्या महायुद्धातल्या त्या जर्मन वैमानिकाला हे कितपत रुचलं असतं कोण जाणे.

माझा ग्लायडर असाच डोलीवाला. तो पुन्हा करायचा म्हटल्यावर मापं मिळाली, पत्रक छापून झालं (छापताना प्रिंटर गुपचूप थोडं लहान करतो, म्हणून कागदावरची पट्टी खऱ्या पट्टीशी ताडून पाहावी), आणि गाडी येऊन थांबली ती लाकडापाशी, म्हणजे बाल्सापाशी.

बाल्साचं झाड आपल्या काटेसावरीच्या भाऊबंदांतलं. हे मला वडिलांनी सांगितलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं. पण बोंडं फुटून उडणारा तो रेशमी कापूस दोघांकडेही आहे, आणि सावरीचं लाकूडही मऊ, काड्यापेटीच्या काड्यांना चालणारं. फरक फुलण्यात. सावर फाल्गुनात भर उन्हात लाल होते आणि मैना-कावळ्यांचा बाजार भरवते. बाल्साची फिकट, पेल्याएवढी फुलं संध्याकाळ झाल्यावर उघडतात, आणि त्यातला मध प्यायला वटवाघळं येतात. इक्वेडोरच्या ओल्या रानात एखादी मोकळी जागा पडली की हे झाड घाईघाईनं वर येतं आणि सहा-सात वर्षांत तोडणीला तयार होतं. उभं असताना ते हलकं नसतंच, पेशीपेशीत पाणी भरलेलं असतं. भट्टीत वाळवल्यावर उरते ती निव्वळ हवा आणि तिच्याभोवतीच्या भिंती. १९४७ मध्ये थॉर हायरडाल 'कॉन-टिकी' तराफ्यावर प्रशांत महासागर ओलांडून गेला, त्याचे ओंडके मात्र ओलेच तोडलेले होते, आणि आतल्या त्या रसानंच खारं पाणी बाहेर रोखलं. दुसऱ्या महायुद्धात 'मॉस्किटो' विमानाच्या अंगात प्लायवुडच्या दोन पातळ थरांमध्ये हेच लाकूड होतं. अलीकडे पवनचक्क्यांच्या पात्यांना ते लागू लागलं, आणि २०२० च्या आसपास मागणी इतकी चढली की अॅमेझॉन खोऱ्यातल्या नदीबेटांवर चोरटी तोड सुरू झाली. स्वच्छ विजेसाठी रान साफ. यावर शहाणं बोलणारे पुष्कळ आहेत, मी एवढंच म्हणेन की त्या दिवसांत छोट्या दुकानांतलं लाकूड महागलं तेव्हा मला प्रथमच जगाच्या बाजाराचा राग आला.

आणि बाल्सा म्हणजे एक लाकूड नव्हेच. एकाच मापाच्या दोन पट्ट्यांत एकीचं वजन दुसरीच्या दुप्पट असू शकतं. ओंडका कोणत्या बाजूनं चिरला यावरही सगळं अवलंबून. एक पट्टी नळीसारखी वळते, तर ठिपक्याठिपक्यांची, माशाच्या खवल्यांसारखी चमकणारी दुसरी पट्टी ताठ राहते आणि वळवली तर मोडते. पंखाला ती ठिपक्यांचीच हवी. पत्रकात जाडी आहे, लांबी आहे, वजन नाही. त्या काळच्या डब्यातली पट्टी कशी होती ते फक्त तो डबा तेव्हा उघडणाऱ्या मुलांच्या बोटांना ठाऊक, आणि ती बोटं आता माझ्याएवढी झाली असणार.

यंत्रानं कापून आलेले तयार सुटे भाग मला आवडत नाहीत. कडा जळकट असतात, आणि पंखाची पुढची कड गोल व मागची पातळ करताना पॉलिश पेपरखाली जे काही कळतं, ते कळायचं राहून जातं.

पुण्यात मोटर मिळत नाही. दिवाळीत गल्लीगल्लीत बाण सुटतात, पण ती कागदी नळी पोस्टानं मागवता येत नाही, स्फोटकांचा कायदा १८८४ पासून जागा आहे. म्हणून डोली कपाटात आहे आणि ग्लायडर वेताळ टेकडीवर सकाळी वारा पडलेला असताना रबराच्या ताणानं सुटतो. उंची रॉकेटच्या पासंगालाही पुरत नाही, उतरणं मात्र अगदी तेच: रुंद, आळशी डावं वळण. फिरायला येणारे काका लोक विचारतात, यात कॅमेरा आहे का? नाही म्हटलं की पुढे जातात.

तुम्ही करणार असाल तर लाकूड घ्यायला जाताना खिशात छोटा वजनकाटा ठेवा आणि दुकानातल्या सगळ्या पट्ट्या काढून बघा. दुकानदार वैतागतो, वैतागू द्या.