एका 'र'ची परीक्षा

१/ स्पॅनिश शिकू लागलेल्या मराठी विद्यार्थ्याला 'र' प्रथम सोपा वाटतो. 'पेरो' म्हणजे 'पण'. त्यातील 'र' जवळपास आपलाच; जिभेचे टोक वरच्या दातांमागे एकदाच निसटते शिवते. 'पेर्रो' म्हणजे 'कुत्रा'. येथे मात्र तेच टोक श्वासाच्या झोताने थरथरत ठेवावे लागते. उच्चार चुकला तर वर्गात हसू होते, इतकेच. परंतु या अक्षराच्या इतिहासात एक रक्तरंजित पानही आहे.

२/ कॅरिबियन समुद्रातील हिस्पॅनिओला बेटावर दोन देश आहेत: पश्चिमेस हैती, पूर्वेस स्पॅनिशभाषक डॉमिनिकन प्रजासत्ताक. हैतीच्या क्रेओल भाषेतील 'र' जिभेच्या टोकाने उच्चारला जात नाही. तो जिभेच्या मागील भागातून उमटतो.

३/ ऑक्टोबर १९३७. डॉमिनिकन हुकूमशहा राफाएल त्रुहियो याच्या आदेशावरून सैनिकांनी सीमाभागातील हैतीवंशीयांची कत्तल आरंभली. शस्त्र म्हणून मुख्यतः कोयते वापरले गेले. हा शेतकऱ्यांचा उद्रेक आहे, असे भासवायचे होते. काही अभ्यासकांच्या अंदाजाने सुमारे १५,००० माणसे मारली गेली.

४/ असे सांगतात की, सैनिक कोथिंबिरीसारख्या दिसणाऱ्या पार्सलीची जुडी पुढे धरून तिचे नाव विचारीत. स्पॅनिशमध्ये ते 'पेरेहील'. ज्याचा 'र' अडखळला, त्याचे मरण ओढवले. 'पार्सली हत्याकांड' हे नाव त्यावरूनच रूढ झाले.

५/ इतिहासकार रिचर्ड ट्युरिट्स व लॉरेन डर्बी यांनी १९८०च्या दशकात सीमाभागातील वृद्धांच्या आठवणी नोंदवल्या. त्यांतून वेगळेच चित्र उभे राहते. बळी पडलेल्यांपैकी अनेकांचा जन्म डॉमिनिकन भूमीवरच झाला होता. दोन्ही भाषा त्यांच्या घरात नांदत होत्या, दोन्हीकडे सोयरिकी होत्या. अशा माणसांना 'पेरेहील' म्हणणे मुळीच अवघड नव्हते.

६/ मग ही परीक्षा कशासाठी? पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेजाऱ्याला एका रात्रीत परका ठरवायचे, तर काही तरी खूण हवी असते. ती जिभेवर सापडल्याचा देखावा करता आला, की हत्येला निवाड्याचे रूप देता येते.

७/ हैतीशी साडेसात लाख डॉलर भरपाईचा करार झाला. पुढे ती रक्कम सव्वापाच लाखांवर आणली गेली. आणि ज्याच्या आदेशाने हे सारे घडले, त्या त्रुहियोच्या आईची आई स्वतः हैतीवंशीय होती.