मंत्रचळ

मुलाच्या अंगांत ताप भरला, तर तो थर्मामीटरच्या आधीं आईच्या तळहातास कळतो. एवढ्यावरून आपल्या मुलाचें सारें दुखणेंखुपणें आपणांस वेळेवर कळेल, असा विश्वास आम्ही पतिपत्नी बाळगून होतों. सन २०२२ च्या श्रावणांत तो विश्वास ढासळला. दुखणें घरांत शिरून तेव्हां दीड वर्ष होत आलें होतें, आणि तें दीड वर्ष आम्हीं त्याचें कौतुक करण्यांत घालविलें होतें.

आमचा मुलगा त्या वेळीं अकरा वर्षांचा होता. पुस्तकास पाय लागल्यास त्यास हात लावून तो कपाळीं न्यावा, ही रीत आपल्याकडे मूल बोलूं लागतें न लागतें तोंच शिकविली जाते. त्यानेंही ती उचलली. पुढें पाय लागला नसतांही, लागला असेल या शंकेनें तो नमस्कार करूं लागला. एकाचे तीन झाले, तिनांचे सात, सातांचे एकवीस. आमच्या मातोश्रींस धन्यता वाटली. इंग्रजी शिकलेल्या बापाच्या पोटीं असा श्रद्धाळू मुलगा निपजला, याचें श्रेय त्या स्वतःकडे घेत, आणि आम्हीही तें त्यांस घेऊं देत असूं. शाळेंतून त्याच्या अक्षराची स्तुति येई. एकच अक्षर पांच पांच वेळां खोडल्यामुळें वहीच्या पानास भोंक पडतें, हें आमच्या दृष्टीस पडलें होतें. पण भोंकापेक्षां अक्षराकडेच आमचें लक्ष अधिक. शिवाय ते दिवस करोनाच्या साथीचे. सारें जगच हात धूत असतां एक मुलगा अंमळ अधिक धुतो, याचा संशय कोणास यावा?

रात्रीं निजतांना तो आजीस विचारी, “आजी, तुला कांहीं होणार नाहीं ना?” त्या म्हणत, “नाहीं रे बाळा, मी चांगली शंभर वर्षं जगणार आहे.” आरंभीं एवढ्यानें त्यास झोंप लागे. मग तोच प्रश्न दोनदां आला, दहादां आला. उत्तरही त्याच शब्दांत, त्याच सुरांत हवें. मध्यें कोणी खोकलें, तर सारें पहिल्यापासून. आम्ही हंसत होतों, क्वचित् रागावतही होतों. परंतु उत्तर देण्यांत मात्र कोणीच कसूर केली नाहीं.

श्रावणांतल्या एका सकाळीं मातोश्री न्हाणीघरांत घसरून पडल्या व त्यांचें मनगट मोडलें. हाडांच्या डॉक्टरांकडून आम्ही परतलों, तों मुलगा दिसेना. पुस्तकांच्या कपाटामागें भिंतीशीं कपाळ टेंकून तो बसला होता. कितीतरी वेळानें तो बोलला. “बाबा, काल मी एकोणीसच नमस्कार केले. आईनं जेवायला हांक मारली, म्हणून दोन राहिले.”

त्या एका वाक्यांत दीड वर्षाचा उलगडा झाला. ज्यास आम्ही भक्ति म्हणत होतों, ती एका लहान मुलानें आजीच्या जिवासाठीं रोज चालविलेली पहाऱ्याची नोकरी होती. आणि त्या नोकरींत त्यास एक दिवसाचीही रजा नव्हती.

आपल्या भाषेंत ‘मंत्रचळ’ असा एक जुना शब्द आहे. जपांत किंवा अनुष्ठानांत चूक होऊन बुद्धीस लागलेला चळ, असा त्याचा मूळचा भाव. पुढें दिवसभर हात धुणाऱ्या, कुलूप पुन्हा पुन्हा ओढून पाहणाऱ्या माणसास चेष्टेनें मंत्रचळ्या म्हणूं लागले. डॉक्टर यासच ‘ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर’ म्हणतात. मुलांतही हा विकार दुर्मिळ नाहीं; शंभरांत एखाद्या-दुसऱ्यास तो असतो. पण चेष्टेचा शब्द घरांत असला, म्हणजे दुखणें ओळखण्याची जबाबदारी टळल्यासारखी वाटते. आमच्या धंद्यानें तर आम्हांस अधिकच लाजविलें. बॉस्वेलनें १७९१ सालीं प्रसिद्ध केलेल्या डॉ. जॉन्सनच्या चरित्रांत जॉन्सनची एक संवय वर्णिली आहे. दारांतून जातांना पावलें मोजून, ठराविक पायच पुढें पडेल अशा बेतानें टाकावयाचीं. चुकल्यास मागें फिरून पुन्हां आरंभ करावयाचा. वर्गांत हा भाग निघाला, कीं विद्यार्थी हंसत, आणि हंशाची जागा म्हणून आम्हींही तो वर्षानुवर्षें रंगवून सांगितला. तोच प्रकार घरच्या उंबऱ्यावर चालला असतां आम्हांस तो वाचतां आला नाहीं.

ज्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे आम्ही गेलों, त्यांनीं प्रथम आमचें समाधान केलें, कीं नेमनिष्ठ मूल म्हणजे आजारी मूल नव्हे. चार-पांच वर्षांचीं मुलें फरशीच्या रेघा चुकवून चालतात, निजतांना तीच गोष्ट त्याच शब्दांत मागतात. त्यांत त्यांस मौज वाटते, आणि वयाबरोबर तें मागें पडतें. आजारी मुलास त्यांत मौज नसते. नको असलेला विचार मनांत घुसतो. त्याची भीति शमविण्यासाठीं मूल एखादी कृति करितें. घटकाभर सुटका होते, आणि त्या सुटकेमुळेंच पुढच्या खेपेस भीति अधिक बळावते. म्हणून मूल काय करितें एवढेंच पाहूं नये. न केल्यास त्याचें काय होतें, तें पाहावें. त्यांत रोजचा तासाहून अधिक वेळ जात असेल, स्नान लांबून शाळा बुडत असेल, गृहपाठ संपतच नसेल, तेंच तें विचारलें जात असेल, तर स्वभाव म्हणून सोडून देऊं नये. मूल आपण होऊन सांगेल, अशी वाटही पाहूं नये. आमच्या मुलास वाटे, कीं तो विचार तोंडावाटे बाहेर पडला तर खराच होईल.

मग बाईंनीं विचारलें, “आपण सर्वजण मिळून दिवसांतून किती वेळां त्याला उत्तर देतां?” आठवडाभर टिपून पाहिलें, रोजचा आंकडा चाळिसाच्या खालीं आला नाहीं. आमच्या मायेच्या हातानेंच त्या आगींत तेल पडत होतें.

या विकारावरचा उपचार ऐकावयास सोपा आहे. भीतीसमोर पायरीपायरीनें उभें राहावयाचें आणि ती कृति करावयाची नाहीं. व्हिक्टर मेयर यांनीं १९६६ सालीं लंडनमध्यें दोन रोग्यांवर योजिलेला हा मार्ग पुढें जगभर रूढ झाला. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगांत ७ ते १७ वर्षांच्या ११२ मुलांवर बारा आठवडे उपचार करून पाहिले. औषध आणि वर्तनोपचार प्रत्येकीं एकटे असतांही गुण आला. दोहोंच्या जोडीनें तो अधिक आला. आमच्या मुलानें मात्र नमस्कार सोडावा, असें कोणी म्हटलें नाहीं. पाय खरोखर लागल्यास चारचौघांप्रमाणें एक करावा, आणि उरलेल्या विसांची हुरहूर तशीच सोसावी, इतकेंच.

अधिक कठीण पाठ मातोश्रींच्या वांट्यास आला. प्रश्नास उत्तर द्यावयाचें नव्हतें. पहिल्या रात्रीं हात गळ्यांत बांधलेला, आणि शेजारीं नातू विचारतो आहे, “आजी, तुला कांहीं होणार नाहीं ना?” ठरल्याप्रमाणें त्या म्हणाल्या, “हा प्रश्न तुझा नाहीं, त्या आजाराचा आहे. त्याला मी उत्तर द्यायची नाहीं.” त्यानें पुन्हां विचारलें. तो रडला. त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. दाराबाहेर आम्ही दोघें उभीं होतों. सव्वा तासानें त्याचा डोळा लागला, तेव्हां त्या उठून बाहेर आल्या व म्हणाल्या, “इतकं कडक सोवळं मीं जन्मांत पाळलं नव्हतं.”

पुढच्या आठवड्यांत सव्वा तासाचा अर्धा तास झाला. दिवाळीपर्यंत प्रश्न पुष्कळच विरळ झाले. विकार समूळ गेला, असें आम्ही म्हणत नाहीं. परीक्षा जवळ आली, कीं तो डोकें वर काढतो. पण आतां घरांत त्यास नांव आहे, आणि मुलगाच प्रथम त्यास ओळखतो. त्याचें अक्षर मात्र पूर्वींसारखें राहिलें नाहीं. मध्यंतरीं शाळेंतून तशी तक्रारही आली. ती वाचून आम्हां दोघांस जो आनंद झाला, तो शिक्षकांस कळविण्याचा धीर आम्हांस झाला नाहीं.