मुरलेले पाणी

मनपरिवर्तनाच्या कथा आपण ख्रिस्ती माणसे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दमास्कसच्या वाटेवर आकाशातून प्रकाश पडतो, शौल भुईवर कोसळतो आणि उठतो तो निराळाच माणूस होऊन. मिलानमधील एका बागेत ऑगस्टीनच्या कानी बालकाचा आवाज येतो, तो पौलाची पत्रे उघडतो आणि अनेक वर्षांची त्याची तगमग एका क्षणात शमते. या कथा खऱ्या आहेत, थोर आहेत. परंतु तान्हेपणी स्नानसंस्कार झालेल्या, संसाराचे अर्धे ओझे वाहून दमलेल्या पन्नाशीच्या माणसाला त्या किंचित परक्या वाटतात. त्याच्या आयुष्यात वीज कोसळत नाही. विहीर आटत जाते, एवढेच. आणि पुढे केव्हा तरी तिच्या तळाशी पुन्हा ओल दिसली, तर ती कोठून आली हे त्याला लवकर उमगत नाही.

आम्ही उभयता नगरला राहतो. (शहराचे आणि जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, जिभेवर मात्र अजून 'नगर'च येते.) आमचे मूळ गाव श्रीरामपूरच्या बाजूचे. दुष्काळाने मोडलेल्या आमच्या पूर्वजांनी तेथे ख्रिस्ती धर्म स्वीकारला. 'धान्यासाठी बाटले' असे अजूनही कोणी बोलून जाते. आम्हाला त्याचा फारसा राग येत नाही. ज्याच्या हातून भाकरी मिळाली त्याच्या देवाची चौकशी भुकेला माणूस करणारच. पण पुढे पोट भरल्यावरही आमचे आजोबा दर सप्टेंबरात हरेगावच्या मतमाऊलीला पायी जात राहिले, ते काही धान्यासाठी नव्हे.

ही श्रद्धा आम्हाला वारशाने मिळाली आणि चाळिशी ओलांडेपर्यंत ती पुरलीही. २०१८ साली आम्हा दोघांपैकी एकाची नोकरी गेली. कारखानाच बंद पडला. घराचे हप्ते चालू होते. ज्या वयात माणसाने स्थिरस्थावर व्हावे त्या वयात दारोदार अर्ज देत फिरण्याची वेळ आली. त्यातून थोडे सावरतो न सावरतो तोच २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाने धाकटा भाऊ नेला. दफनाला चौघे होते. फादरांनी दुरूनच पवित्र पाणी शिंपडले. घरी परतलो तेव्हा गल्लीत एकही दार उघडे नव्हते.

देव नाही, असे आम्हाला कधीही वाटले नाही. तो होता; परंतु त्याच्याशी बोलण्यासारखे आमच्यापाशी काही उरले नव्हते. चर्च पुन्हा उघडल्यावर रविवारच्या मिस्साला जाऊ लागलो, उठत होतो, गुडघे टेकत होतो, ओठ हलत होते. जिवलगांनी परोपरीने सुचवले की अमक्या ठिकाणच्या आराधनेला जा, तमकी नोव्हेना करा. त्यांच्या मायेबद्दल शंका नाही. पण कोरड्या मनाला सल्ले रुजत नाहीत.

भावाची पत्नी परिचारिका आहे. तिला रात्रपाळी असे, म्हणून मुले आमच्याकडे झोपू लागली. मोठा तेव्हा सात वर्षांचा होता, धाकटी चार वर्षांची. झोपण्यापूर्वी त्यांच्याबरोबर प्रार्थना म्हणण्याचा त्यांच्या वडिलांचा रिवाज होता आणि धाकटी तो मोडू देईना. "काकू, पप्पांसाठी पण म्हणायची," असे ती अंथरुणात उठून बसून बजावी. मग आम्ही म्हणू लागलो. ज्या शब्दांवरून आमचे मन उठले होते, तेच रोज रात्री मुलांसाठी उच्चारावे लागले. त्या दिवसांत प्रार्थना हे घरकामांपैकी एक काम होते. दूध तापवणे, गृहपाठ पाहणे, मच्छरदाणी लावणे, स्वर्गीय पित्याची प्रार्थना, दिवा मालवणे. यात श्रद्धेचा अंश किती होता, हे आम्हाला सांगता येणार नाही. पोरक्या लेकरांची झोप मोडू नये, एवढीच भावना होती.

याच सुमारास आमच्या एका परिचित फादरांनी अविलाच्या संत तेरेजाचे आत्मचरित्र वाचायला दिले. कार्मेल मठात राहून गेलेली ही स्त्री जन्मसिद्ध संत असावी असा आमचा समज होता. प्रत्यक्षात विसाव्या वर्षी मठात आलेली तेरेजा लवकरच इतकी आजारी पडली की ती मेली असे समजून तिची कबरही खणून ठेवण्यात आली होती. त्यातून ती उठली; परंतु पुढे कित्येक वर्षे प्रार्थनेत तिला रस वाटेना. प्रार्थनेला बसल्यावर तास केव्हा संपतो याकडेच तिचे कान असत, हे तिने मोकळेपणी लिहून ठेवले आहे. घायाळ ख्रिस्ताच्या एका मूर्तीसमोर तिचा बांध फुटला तो १५५४ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी. संतमंडळींच्या सभेत ही दुपारची वेळ म्हणावी लागेल. पुढे १९७० साली पोप सहावे पॉल यांनी तिला ख्रिस्तसभेची आचार्य म्हणून गौरवले. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री.

याच ग्रंथात तिने प्रार्थनेला बागेची उपमा दिली आहे. बाग शिंपण्याचे चार प्रकार ती सांगते. पहिला प्रकार विहिरीतून पोहऱ्याने पाणी शेंदण्याचा, फार कष्टाचा. दुसरा रहाटाचा, त्यात श्रम कमी, पाणी अधिक. तिसरा नदीचे वा ओढ्याचे पाणी बागेत खेळवण्याचा. आणि चौथा पावसाचा, ज्यात माळ्याला काहीच करावे लागत नाही. विहीर कोरडी असली तरी माळ्याने आपले काम सोडू नये, फुले जगवणे धन्याच्या हाती आहे, असेही ती सांगते. हा भाग आम्ही पुन्हा पुन्हा वाचला. नगर जिल्ह्यातल्या माणसाला पोहरा आणि कोरडी विहीर यांची उपमा समजावून द्यावी लागत नाही. तरी मनात एक खोच राहिली. पाऊस जर देवाच्या मर्जीचा, तर तो न आलेल्या वर्षांत माळ्याने निव्वळ वाट पाहायची काय?

या प्रश्नाला उत्तर म्हणून नव्हे, तर धर्मग्रामातील बचत गटाच्या सहलीबरोबर आम्ही २०२३ च्या मे महिन्यात हिवरे बाजारला गेलो. नगरपासून हे गाव सुमारे सतरा किलोमीटर. त्याची कीर्ती वाचकांना नवी नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर हे गाव खचत गेले. डोंगर उघडे पडले, विहिरी आटल्या, दारू आणि भांडणे माजली, घरेच्या घरे पुण्या-मुंबईकडे निघून गेली. सरकारी नोकराला शिक्षा द्यायची तर त्याची बदली येथे करीत, असे सांगतात. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले आणि गावाने श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी व नशाबंदी ही पंचसूत्री धरली. डोंगरउतारांवर चर खोदले, नाल्यांवर बांध घातले, झाडे लावली. पुढे गेलेली कुटुंबे परत आली. २०२० साली पवारांना पद्मश्री जाहीर झाली. मुस्लिम समाजाचे एकच कुटुंब असलेल्या या गावाने त्यांच्यासाठी मशीद बांधून दिली, ही गोष्ट मात्र पद्मश्रीहून आम्हाला अधिक मोलाची वाटते. अल्पसंख्य म्हणून जगणाऱ्याला तिचे मोल निराळे सांगावे लागत नाही.

मे महिन्यात डोंगरावरचे चर कोरडे ठणठणीत असतात. त्यांत वाळके गवत आणि पालापाचोळा होता. ज्याला ठाऊक नाही त्याला हे काम वाया गेल्यासारखेच वाटावे. येथे पाऊस काही वाढलेला नाही. हा पर्जन्यछायेचा मुलूख. वर्षाला साधारण ४०० मिलिमीटर पडतो, तोही लहरीने. गाव उजाड होते तेव्हाही पाऊस पडतच होता, तो उतारावरून मातीसकट वाहून जात होता. गावाने पाणी निर्माण केले नाही, जाणाऱ्या पाण्याला फक्त थांबायला सांगितले. आमची भूमी काळ्या पाषाणाची. वर मातीचा थर, खाली मुरूम, त्याखाली फटी असलेला खडक. चरात अडलेले पाणी दिसेनासे होते, ते या फटींतून आपली वाट शोधत उतरते. ते वर येते तेव्हा चरात येत नाही. खाली, दूर, कोणाच्या तरी विहिरीत येते.

त्या उतारावर उभे असताना आम्ही दोघे एकमेकांशी काही बोललो नाही. परतताना बसमध्ये मात्र दोघांच्याही मनात एकच गोष्ट असल्याचे आढळले. रोज रात्री मुलांच्या अंथरुणाशी म्हटलेली ती प्रार्थना! ती आम्ही आमच्यासाठी म्हटलीच नव्हती. तिच्यात पाणी साचलेले आम्हाला कधी दिसले नाही. पण दोन वर्षे, एकही रात्र न चुकता, उताराला आडवा चर खणला जात होता; आणि ज्याची आम्ही वाट पाहणेही सोडले होते ते कृपेचे पाणी त्या काळातही पडतच असले पाहिजे. तेरेजाच्या माळ्याला देशावरच्या शेतकऱ्याने सुचवावे असे काही असेल, तर ते एवढेच की पाऊस धन्याचा खरा, पण तो कोठे अडवायचा हे माळ्याच्या हातात असते.

येथे फादर हर्मन बाखर यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. हिवरे बाजारचे काम त्यांचे नव्हे, ते त्या गावाचे. पण स्वित्झर्लंडहून १९४८ साली भारतात आलेल्या या येशूसंघीय धर्मगुरूने नगर जिल्ह्यात कित्येक दशके घालवली आणि १९८९ च्या सुमारास इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाचा पाया घातला. तेव्हा त्यांचे वय पासष्टीचे होते. २०२१ साली ते निवर्तले. धर्मगुरूने माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवण्याच्या कामात आयुष्य वेचावे याचे पूर्वी आम्हाला नवल वाटे, आता वाटत नाही.

हिवरे बाजारची आणखी एक चाल सांगितली पाहिजे. पावसाळ्यानंतर गाव पाण्याचा ताळेबंद मांडते. किती पडले, विहिरींत किती आहे, याचा हिशेब ग्रामसभेपुढे येतो. माणसांचे आणि गुरांचे पिण्याचे पाणी आधी राखून ठेवतात. उरेल त्यावर पिके ठरतात. ऊस आणि केळी यांना मनाई, शेतीसाठी बोअर घेण्यालाही मनाई. बोअर म्हणजे शेजाऱ्याच्या आणि नातवंडांच्या वाट्याचे पाणी आज उपसणे. पन्नाशीच्या संसाराला हा हिशेब फार उपयोगी पडतो. अंगात पूर्वीचे बळ नाही, कर्ज फिटलेले नाही, मिळालेली नवी नोकरी पूर्वीच्या निम्म्या पगाराची आहे. जे आहे त्यात आधी मुलांची तहान, मग बाकीचे. भावनेचा पूर यावा, डोळ्यांत अश्रू यावेत, अशी मागणी आम्ही देवाकडे करीत नाही. ती उसाची मागणी झाली.

आमच्या जिल्ह्याने अशा संथ पाण्याची एक मोठी साक्ष पूर्वीच पाहिली आहे. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई दुःखाने वेड्यापिशा झाल्या. काही वर्षांचा वियोग, माहेरच्यांचे सांत्वन आणि लोकांचे बोल त्यांनी सोसले. नंतर त्या नवऱ्याजवळ राहायला आल्या त्याही आपले सोवळे सांभाळूनच. ते सोवळे कोणी वाद घालून सोडवले नाही, ते आतून सुटत गेले. त्यांचा बाप्तिस्मा झाला तो १९०० साली. ही मंडळी प्रोटेस्टंट, आमच्या ख्रिस्तसभेची नव्हेत. पण कृपा मुरण्याची रीत पंथ पाहत नसावी.

आमच्या विहिरीत पाणी आले ते कळले नोव्हेंबर महिन्यात, मृतांच्या दिवशी. त्या २ तारखेला दफनभूमीत भावाच्या कबरीवर मेणबत्त्या लावताना आम्ही देवाशी बोलत असल्याचे आमच्या ध्यानात आले. ते बोलणे भक्तीचे नव्हते, भांडणाचेच होते. एवढ्या लहान लेकरांचा बाप का नेलास, हे अडीच वर्षांत पहिल्यांदा विचारले गेले. उत्तर आले नाही. परंतु ज्याच्याशी भांडता येते तो ऐकत असतो, याविषयी दोघांच्याही मनात संशय उरला नाही. त्या रविवारी ख्रिस्तप्रसाद घेताना पूर्वीसारखे रिकामे वाटले नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात इसहाक आपल्या बापाच्या बुजवलेल्या विहिरी पुन्हा खणतो आणि बापाने दिलेलीच नावे त्यांना देतो. ती कथा आम्ही आजोबांकडून ऐकली होती. तिचा अर्थ लागायला निम्मे आयुष्य लागले.

मोठ्याचा प्रथम ख्रिस्तप्रसाद झाला. यंदा धाकटीचा आहे. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातून ती रोज नवा प्रश्न घेऊन येते. द्राक्षारसाच्या पेल्यात फादर पाण्याचा एवढासा थेंब का घालतात, जास्त का नाही, हा या आठवड्याचा प्रश्न. आम्ही दिलेले उत्तर तिला पटलेले नाही. फादरांनाच विचारते, असे तिने जाहीर केले आहे. पांढऱ्या फ्रॉकचे माप देऊन झाले; शिंप्याने शनिवारचा वायदा केला आहे.